सातबारा : विखुरलेल्या माहितीच्या जुळणीचा एक अभ्यास

'सातबारा' हा शब्द आपल्या भागात लहान मुलालाही ठाऊक असतो. पीककर्ज काढायचे असो, विम्याचा अर्ज भरायचा असो की खाणीसाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला घ्यायचा असो, पहिला प्रश्न येतो तो 'सातबारा आणला का?' हाच. परंतु हा शब्द दोन आकड्यांच्या बेरजेने का बनला, याचा विचार आपण क्वचितच करतो. राज्यशास्त्राच्या तासाला जिल्हा प्रशासन शिकत असताना हा प्रश्न माझ्या मनात आला आणि त्याचा माग घेताना एका मोठ्या विषयाशी येऊन थांबले. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हेतूने ठेवलेली माहिती एकत्र जोडावी कशी, हा तो विषय होय. संगणकाच्या जगात आज या प्रश्नाची मोठी चर्चा आहे. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच असल्यामुळे तो मला संगणकाच्या पडद्यापेक्षा वावराच्या बांधावरून अधिक स्पष्ट दिसला.

एक वावर, तीन दप्तरे

एका वावराची माहिती एका जागी नसते. जमीन कोणाच्या नावे आहे आणि तीत काय पेरले आहे, हे महसूल खात्याकडे म्हणजे गावपातळीवर तलाठ्याकडे असते. (या पदाला आता 'ग्राम महसूल अधिकारी' असे नाव मिळाले आहे.) जमिनीची हद्द, मोजणी आणि नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे असतो. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र यांची नोंद १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. शिवाय कर्जाचा हिशोब बँकेत किंवा सोसायटीत आणि माणसाची ओळख आधार कार्डावर.

ही विभागणी कोणाच्या आळसातून झालेली नाही. ज्याला सारा वसूल करायचा होता त्याने खातेदार महत्त्वाचा मानला, ज्याला मोजणी करायची होती त्याने तुकडा महत्त्वाचा मानला आणि ज्याला दस्त नोंदवायचा होता त्याने व्यवहार महत्त्वाचा मानला. प्रत्येकाचे दप्तर त्याच्या कामापुरते बरोबर असते. अडचण येते ती तिन्ही दप्तरांना मिळून एकच प्रश्न विचारला म्हणजे.

कायद्याची स्थितीही एके काळी अशीच होती. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता आणि येथे १९५४ चा मध्य प्रदेश जमीन महसूल कायदा होता. पश्चिम महाराष्ट्रात १८७९ चा मुंबईचा कायदा आणि मराठवाड्यात हैदराबाद संस्थानचा कायदा चालत असे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याने या तिन्हींच्या जागी एकच कायदा आणला. म्हणजे कागद एकत्र करण्याआधी नियम एकत्र करावे लागले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सातबारा ही मुळात जुळणीच आहे

गावच्या महसुली दप्तरात एक ते एकवीस असे गाव नमुने असतात. त्यांपैकी सातवा नमुना हा अधिकार अभिलेख, तर बारावा पिकांची नोंदवही. एकात हक्क, दुसऱ्यात पीक. हे दोन्ही एका कागदावर आणले आणि लोकांनी त्याला 'सातबारा' म्हटले. दोन ठिकाणची माहिती जमिनीच्या एका क्रमांकाने जोडून शेतकऱ्याच्या हातात देण्याची ही युक्ती संगणकापूर्वीची आहे.

इतर नमुन्यांची रचना पाहिली की अधिक आश्चर्य वाटते. नमुना एक म्हणजे आकारबंद. त्यात प्रत्येक क्रमांकाचे क्षेत्र आणि आकारणी असते. हा झाला पाया. नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. हक्कात जो जो बदल होतो तो तारखेने व क्रमांकाने येथे प्रथम लिहिला जातो. तो मंजूर झाल्यावरच सातव्या नमुन्यात उतरतो, आणि उतरताना नावाजवळ फेरफाराचा क्रमांक राहतो. आठ-अ मध्ये तीच माहिती जमिनीऐवजी खातेदाराप्रमाणे लावलेली असते. सातबारा विचारतो, 'हे वावर कोणाचे?' आठ-अ विचारतो, 'या माणसाची वावरे कोणती?' माहिती तीच, मांडणी निराळी.

हस्तलिखित सातबाऱ्यात जुने नाव खोडून काढीत नसत, त्याला कंस करीत. त्यामुळे आज नाव कोणाचे हे कळे आणि काल कोणाचे होते हेही कळे. माझ्या मते कोणत्याही एकत्रित माहितीसाठ्याचे मर्म या एका कंसात आहे.

जोडताना येणाऱ्या अडचणी

पहिली अडचण ओळखीची. दोन दप्तरांतील नोंदी एकाच वस्तूविषयी आहेत हे कशावरून ठरवावे? नावावरून ठरवू नये, याचे उदाहरण आपल्या वणीचेच आहे. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याजवळ, नाशिक जिल्ह्यातही एक वणी आहे. आपल्या वणीचे नाव इंग्रजी अंमलात 'वून' असे लिहीत आणि १९०५ पर्यंत आजचा यवतमाळ जिल्हा त्याच नावाने ओळखला जाई. एका नावाची दोन गावे आणि एका गावाची दोन नावे! म्हणूनच २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावाबरोबर त्याचा सांकेतिक क्रमांकही छापला जाऊ लागला. जमिनीच्या तुकड्यालाही असा स्वतंत्र क्रमांक देण्याची 'भू-आधार' ही योजना देशात २०२१ पासून सुरू झाली. तुकड्याच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून तो चौदा अक्षरी-आकडी क्रमांक तयार होतो. खाते क्रमांकाने हे काम होत नाही, कारण तो त्या गावापुरताच असतो. दोन गावांत शेती असलेल्या शेतकऱ्याचे दोन आठ-अ असतात आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत.

दुसरी अडचण मापाची. जुने कागद एकर-गुंठ्यांत, नवे हेक्टर-आरमध्ये. समजा, एका कागदावर '५.२०' असे क्षेत्र आहे. त्याचा अर्थ पाच एकर वीस गुंठे, म्हणजे साडेपाच एकर. कारण एकराचे गुंठे चाळीस. त्याचे होतात २ हेक्टर २२ आर ५८ चौरस मीटर. परंतु ज्याला गुंठ्याची सवय नाही तो '५.२०' हा दशांश अपूर्णांक समजून गुणाकार करील आणि त्याला २ हेक्टर १० आरच मिळतील. बारा गुंठे वावर नुसत्या एका टिंबाने नाहीसे झाले! संगणक येथे चुकत नाही. टिंबाचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो, एवढेच. तेव्हा जोडण्यापूर्वी प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि माप लिहून ठेवणे हे पहिले काम होय.

तिसरी अडचण माणसाच्या नावाची. या लेखासाठी घरच्या पेटीतले कागद मी काढून पाहिले. आबाजींचे नाव एका कागदावर नुसते आहे, दुसऱ्यावर 'जी' लावून आणि तिसऱ्यावर 'राव' लावून. बँकेच्या पुस्तकात ते इंग्रजी अक्षरांत असल्यामुळे मराठीत परत आणताना चौथेच होते. आमच्या गल्लीत विचारले तर हे चारही एकच, हे कोणीही सांगेल. यंत्राला मात्र चार माणसे दिसतात. याच्या उलटही घडते. एका गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ असतात आणि यंत्र त्यांचा एक माणूस करून टाकते. या दोन चुकांत दुसरी अधिक घातक आहे. पहिल्या चुकीने काम अडते, दुसरीने एकाचा हक्क दुसऱ्याच्या पदरात जातो.

चौथी अडचण शिळ्या माहितीची. मूळ दप्तरच मागे पडले असेल तर जोडणी कितीही उत्तम असली तरी ती शिळेच वाढणार. राज्यात १ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. मृत खातेदारांची नावे कमी करून वारसांची नावे लावणे हे तिचे उद्दिष्ट. अशी मोहीम काढावी लागते यातच सर्व आले. वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे असे १९६६ च्या कायद्याचे कलम १४९ सांगते, परंतु दुःखाच्या घरी कलम कोणाला आठवते?

ढीग की जोडणी?

माहिती एकत्र करण्याचे दोन मार्ग दिसतात. सर्व दप्तरांच्या नकला काढून एका मोठ्या कोठारात टाकाव्या, हा एक. प्रत्येक दप्तर आपल्या जागी राहू द्यावे आणि वर एक जोडणारा थर बसवावा, जो प्रश्न आला की ज्याच्या त्याच्या दप्तरातून उत्तर आणील, हा दुसरा. कोठारातून उत्तर लवकर मिळते, पण नक्कल काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती जुनी होऊ लागते. जोडणाऱ्या थरात उत्तर ताजे असते, पण एक दप्तर बंद असले की सर्वांचे काम थांबते. व्यवहारात दोहोंचा मेळ घालावा लागतो.

आपल्या राज्यातील ई-फेरफार ही दुसऱ्या मार्गाची चांगली खूण आहे. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची वर्दी संगणकानेच महसूल खात्याकडे जाते आणि फेरफाराची नोंद तयार होते. पण सातबारा लगेच बदलत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. माहिती वेगाने आली तरी हक्क थांबून, विचारून बदलतो. हा विलंब मला दोष वाटत नाही. ज्याच्या विरुद्ध नोंद होणार आहे त्याला बोलू देण्याची ती जागा आहे.

पिकाच्या बाबतीत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकरी आपले पीक छायाचित्रासह स्वतः नोंदवू लागला. येथे माहितीचा उगमच बदलला. पऱ्हाटी लावली की सोयाबीन, हे ज्याने पेरले त्यालाच सर्वांत चांगले माहीत.

आता याच्याही पुढचे पाऊल म्हणजे 'ॲग्रिस्टॅक'. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी २,८१७ कोटी रुपयांचे डिजिटल कृषी अभियान मंजूर केले. त्यात शेतकऱ्यांची नोंदवही, गावांचे भू-संदर्भित नकाशे आणि पेरलेल्या पिकांची नोंदवही अशा तीन नोंदी एकत्र येतात आणि शेतकऱ्याला एक ओळख क्रमांक मिळतो. सातबाऱ्याने कागदावर जे केले तेच हे देशभराच्या प्रमाणावर करू पाहते.

जोडणीत कोण हरवते?

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. जुन्या सातबाऱ्यांवर नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे आढळतात. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव एकाचे, पण त्यामागे भाऊ, आई, बहिणी असे सर्वांचे हक्क उभे. तसेच 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल सज्ञान होऊन त्याची मुले शाळेत जाऊ लागली तरी ही अक्षरे कित्येकदा तशीच राहतात. गावातील जाणत्या माणसाला ही तीन अक्षरे दिसली की तो थांबतो. यंत्राच्या नमुन्यात मात्र 'खातेदाराचे नाव' असा एकच रकाना असेल, तर तीन अक्षरे गळून पडतात आणि पाच जणांची जमीन एकाची दिसू लागते.

गळतात त्यांत बहुधा स्त्रिया असतात. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबर हक्क मिळाला. त्याआधी १९९२ मध्ये राज्य शासनाने लक्ष्मी मुक्ती योजनेद्वारे पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट करून दिली होती. हक्क कायद्यात आहे, पण कागदावर नाव नाही. आणि कागदावर नाही ते यंत्रात कोठून येणार? आपल्या वणीच्या भोवती कोळशाच्या खाणी आहेत. येथे जमीन संपादनात गेली म्हणजे मोबदला नोंदीप्रमाणे ठरतो. त्या वेळी जे नाव नाही त्याच्यासाठी भांडायला वावरही उरत नाही.

निष्कर्ष

या अभ्यासातून मला चार गोष्टी निश्चित वाटतात. एक, प्रत्येक बाबीचा एकच धनी ठरलेला असावा : हद्द भूमी अभिलेखाची, दस्त निबंधकाचा, हक्क महसुलाचा, पीक शेतकऱ्याचे. दोन, जोडलेल्या प्रत्येक माहितीवर ती कोठून व केव्हा आली हे लिहिलेले असावे, जसा नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. तीन, दोन दप्तरे जुळली नाहीत तर यंत्राने आपल्या मनाने एकाला खरे ठरवू नये. विसंगती उघड दाखवावी. विवादग्रस्त प्रकरणांसाठी सहा-अ ही वेगळी नोंदवही आहेच. चार, चूक दुरुस्त करण्याची वाट जोडणीइतकीच सोपी असावी. लेखनप्रमादांसाठी कलम १५५ आहे, पण ते गावच्या माणसाला माहीत हवे.

कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. उलट सिद्ध करण्याचा भार ज्याच्याजवळ कागद कमी त्याच्यावरच पडतो. म्हणून माहितीच्या जुळणीचे काम केवळ संगणक जाणणाऱ्यांवर सोडून चालणार नाही. गुंठा म्हणजे काय, 'ए.कु.मॅ.' म्हणजे काय आणि कंस का करतात हे जाणणाऱ्यांनीही त्यात बसले पाहिजे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचा सातबारा, आठ-अ आणि त्यांवरील फेरफार एकदा वाचून पाहावेत, घरातील कोणाचे नाव त्यात नाही ते शोधावे आणि जे राहून गेले असेल ते लावून घ्यावे, एवढेच माझे नम्र सांगणे आहे.