आमिषावरील कायोट

कायोट हा आपल्याकडील कोल्ह्याचा उत्तर अमेरिकेतील भाऊबंद होय. हिवाळ्यात बर्फामुळे भक्ष्य दुर्मिळ झाले की तो मेलेल्या जनावरांच्या मांसाकडे वळतो, आणि या सवयीचाच शिकारी लाभ उठवतो. मोकळ्या जागी मृत जनावर टाकून तो काही अंतरावर रात्रभर दबा धरून बसतो. परंतु कायोट सरळ आमिषावर येत नाही. तो दूरवरून वळसा घेतो, वारा तोंडावर येईल असा पवित्रा साधतो आणि माणसाचा किंचितही वास आल्यास परत फिरतो. म्हणून निशाणापेक्षा बसण्याच्या जागेची निवडच अधिक महत्त्वाची ठरते. चांदण्यात बर्फावर पूर्ण आकृती ठळक दिसेपर्यंत गोळी झाडू नये. केवळ डोळ्यांच्या चमकेवर विसंबणे हा शुद्ध अविचार, कारण पाळीव कुत्र्याचे डोळेही तसेच चमकतात.

मेंढपाळांच्या हितासाठी सरकारने मात्र बंदुकीऐवजी विषाचा मार्ग धरला होता. विषारी मांस कायोटप्रमाणेच गरुडही खात. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संघराज्याच्या जमिनींवर अशा विषांना बंदी केली. तो आदेश १९८२ साली रेगन यांनी रद्द केला. एवढ्या संहारानंतरही कायोट हटला नाही. संख्या घटली की उरलेल्यांना अन्न मुबलक मिळते आणि अधिक पिल्ले जगतात. लांडगे नामशेष झालेल्या प्रदेशांत तर तो पसरतच गेला आणि विसाव्या शतकात अटलांटिक किनाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचला.