जुन्या पालिओला चिप बसवावी का?

प्रश्न : माझी २००२ची फियाट पालिओ १.६ आता पूर्वीसारखी पळत नाही. परफॉर्मन्स चिप बसवू का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : घाई करू नका. चिप इंधनाचं प्रमाण आणि ठिणगीची वेळ बदलते. टर्बो इंजिनात हवेचा दाबही वाढवता येतो, म्हणून तिथे फरक ठळक जाणवतो. तुमच्या १०० अश्वशक्तीच्या, टर्बो नसलेल्या इंजिनात तो जेमतेमच. उलट ठिणगी लवकर पाडली, की बीडच्या उन्हाळ्यात साध्या पेट्रोलवर इंजिन नॉकिंग करू लागतं आणि पिस्टनला धोका पोचतो. आधी कॉम्प्रेशन, प्लग, इंजेक्टर, रेडिएटर तपासा. हरवलेली ताकद बहुधा तिथेच सापडेल. शिवाय, मोटार वाहन कायद्यानुसार गाडीत बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चिपचे पैसे टायर आणि ब्रेकवर खर्च करा.