पंखा निवडताना

बोट आली, दीडशे एचपीचं इंजिन बसलं, आता जेटीवर जो भेटेल तो तुला पंखा सुचवेल. कुणी म्हणेल एकवीसचा घे, उडेल बोट. ऐकून घे, मान हलव, पण खिशात हात घालू नकोस. झिला, पंखा घ्यायचा तो आरपीएमच्या काट्याकडे बघून. वेगाचं नंतर बघू.

इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला ते किती फिरायला हवं हे छापलेलं असतं. तुझ्या यामाहा एफ १५०ला ते ५००० ते ६००० आहे. त्या पट्ट्यात, तेही वरच्या अर्ध्यात, इंजिनाला नेऊन सोडेल तो तुझा पंखा. पिच जास्त झाला की पंखा जड पडतो आणि इंजिन ४७००-४८००लाच अडतं. टॉप गिअर टाकून करूळ घाट चढायला निघालेल्या एसटीची जी गत, तीच त्याची. आतून तापतं, काजळी धरतं, आणि मालक मात्र खूश, कारण आवाज कमी येतो! पंखा हलका पडला तर ६००० ओलांडून इंजिन लिमिटरला धडकतं आणि अडखळायला लागतं. दोन्ही वाईटच, पण निवडायची वेळ आली तर मी हलका पत्करीन. लिमिटर निदान इंजिनाला आवरतो, जड पंख्यापासून त्याला वाचवणारं कुणी नसतं.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, समज १४ बाय १९. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पाणी जराही निसटलं नाही तर एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे जाईल ते अंतर. पिच एक इंचाने कमी केलास की आरपीएम साधारण दीडशे-दोनशेने चढतो, वाढवलास की तेवढाच उतरतो. पूर्ण भरलेली बोट ५१००ला थांबत असेल तर दोन इंच खाली ये, ५५००च्या आसपास पोचशील. व्यासाला शक्यतो हात लावू नकोस. तो बहुतेक वेळा कंपनीने गिअरबॉक्सप्रमाणे ठरवलेला असतो.

चाचणी कशी घेतोस यावर सगळं आहे. एकटा बसून, टाकीत चार लिटर पेट्रोल टाकून मिळालेला आकडा फक्त मित्रांना सांगायला बरा. रोज जेवढी माणसं बसणार तेवढी बसव, टाकी अर्धी भर, जॅकेटं, नांगर, बर्फाची पेटी सगळं चढव. तळाला शेवाळ-शिंपले असतील तर आधी खरवडून काढ. दुपारच्या उन्हात बघ, कारण गरम, दमट हवेत इंजिनाची ताकद कमी भरते. जानेवारीच्या सकाळी फिट वाटलेला पंखा मे महिन्यात जड होतो. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर एकदा जा, तिच्या विरुद्ध एकदा ये, आणि जीपीएसच्या दोन्ही वेगांची सरासरी धर. ट्रिम हळूहळू वर घे. पंखा हवा ओढू लागला की आवाज एकदम चढतो. तिथून किंचित खाली आण आणि मग काटा वाच.

आता थोडं गणित. तुझ्या इंजिनाचा गिअर दोनास एक, म्हणजे ५८००ला पंखा मिनिटाला २९०० फेरे मारतो. १९ इंचाने गुण, तासाला साधारण ८४ किलोमीटर येतात, म्हणजे ४५ नॉट. जीपीएसवर ४० दिसले तर बाराएक टक्के घसर गेली. अशा बोटीला दहा ते पंधरा टक्के घसर असायचीच. ती पंचवीसवर गेली तर नवा पंखा शोधायच्या आधी इंजिनाची उंची बघ. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत, फार तर थोडी वर हवी. इंजिन फार वर बसलं तर पंखा वळणावर हवा खातो, फार खाली बसलं तर नुसतं ओझं ओढतो.

हवा खाणं वेगळं आणि पाणी उकळणं वेगळं, हे नीट लक्षात ठेव. पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की गार पाण्याचीही वाफ होते, ते बुडबुडे फुटताना धातू कुरतडतात. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्सने १८९४ साली टर्बिनिया नावाची बोट पाण्यात सोडली, तेव्हा टर्बाइनची एवढी ताकद असूनही ती मनासारखी पळेना, ती याच कारणाने. शेवटी त्याने तीन शाफ्टांवर मिळून नऊ पंखे बसवले आणि १८९७च्या नौदल संचलनात आरमाराच्या बोटींना मागे टाकून दाखवलं. तुझ्या पंख्यावर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर आधी पात्याची पुढची धार तपास. तिथली साधी खोचही हे दुखणं सुरू करते.

२०१७च्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या, तेव्हापासून तुझ्या डोक्यात शर्यतीचं वारं आहे, ठाऊक आहे मला. पण शर्यतीचा क्लीव्हर पंखा अर्धा पाण्याबाहेर राहून चालायला घडवलेला असतो. त्याला तसा तळ, तशी उंची लागते. तुझ्या बोटीला तो लावलास तर जेटीवरून निघतानाच नुसतं पाणी घुसळत बसशील. तुला तीन पात्यांचा, मागच्या कडेला जरा वळण दिलेला स्टेनलेस स्टीलचा पंखा पुरे. ते वळण पाणी धरून ठेवतं, आरपीएम मात्र थोडा उतरवतं, हिशोबात धर. चार पाती घ्यायची ती माणसं भरून नेणार असशील किंवा मागे बंपर ओढणार असशील तर. मग बोट लवकर उचलते, वळणावर पकड सुटत नाही, वरचा वेग थोडा जातो. तीनावरून चारावर येताना पिच एक इंच कमी घे.

स्टील महाग आहे, पण पातं पातळ असूनही ताणाखाली वाकत नाही. ॲल्युमिनियमचं पातं भर वेगात लवतं आणि पिच हरवतं. आपल्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक, देवबागच्या संगमावर वाळू. ॲल्युमिनियम खडकाला लागलं तर पातं जातं. स्टील लागलं तर पातं कदाचित वाचेल, पण धक्का गिअरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून ओळखीच्या खोल पाण्यात स्टील चालव आणि बोटीत ॲल्युमिनियमचा एक जुना पंखा, नट, वॉशर, पिन आणि पाना कायम ठेव.

पंखा बदलताना किल्ली काढ, किल-कॉर्ड काढ, गिअर न्यूट्रलला. शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस लाव, नाहीतर खाऱ्या पाण्याने तो असा धरेल की हातोडाच घ्यावा लागेल. आतल्या जाड वॉशरची उतरती बाजू कुठे होती ते काढतानाच बघून ठेव. तिथे तंगूस गुंडाळलेली दिसली तर लगेच सोडव. ती सील कापते, पाणी गिअर ऑइलमध्ये जातं आणि ऑइल दुधासारखं पांढरं होतं. मधल्या रबराच्या बुशावरून बाहेरच्या नळीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मार. कधी इंजिन ओरडतंय पण बोट जात नाही असं झालं तर ती रेघ बघ. तुटलेली दिसली की रबर सुटलं. मग थ्रॉटल कमी ठेवून हळू घरी यायचं.

आणि विकत घेण्याआधी सतराचा आणि एकोणीसचा असे दोन पंखे उसने आण, एकाच दिवशी दोन्ही लावून बघ. उसना पंखा उलटा ठेवून तिन्ही पाती टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत ना, ते आधी फूटपट्टीने मोज. वाकलेल्या पंख्यावर घेतलेले आकडे लिहूनच ठेवू नकोस.