अमेरिकन पिकअप टिकाऊ की जपानी?



उसाचं बिल जमा झालं की घरोघर गाडीचा विषय निघतो. गाडी बहुधा कर्जावर घेतली जाते. कर्ज फिटायच्या आत गाडीनं मान टाकली, तरी हप्ता काही थांबत नाही. म्हणून गाडी किती वर्षे टिकते, याचा विचार खरेदीपूर्वी करणे जरुरीचे आहे. या अभ्यासाला अमेरिका सोयीची. तिथल्या शेतकऱ्याच्या दारात पिकअप असतेच, आणि अमेरिकन व जपानी गाड्या तिथे पन्नासहून अधिक वर्षे एकाच रस्त्यावर पळत आहेत.

१) पूर्वपीठिका : फोर्डची एफ-मालिका १९४८ साली निघाली, टोयोटाची हायलक्स १९६८ साली. युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला, म्हणून अमेरिकेने जानेवारी १९६४ पासून आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात बसवली. भांडण कोंबडीचं आणि दंड ट्रकला! पुढे जपानी कंपन्यांनी तिथेच कारखाने काढले : निसानने १९८३ साली टेनेसीत, टोयोटाने २००६ साली टेक्सासमध्ये. म्हणजे 'जपानी' टुंड्रा अमेरिकन कामगारच बांधतो.

२) जपानी गाडी : इंजिन साधं, ताकद बेताची आणि मॉडेलमध्ये वारंवार बदल नाही, यावर तिचा लौकिक उभा आहे. २००७ ची एक टुंड्रा २०१६ साली मूळ इंजिनावर दहा लाख मैल, म्हणजे सुमारे सोळा लाख किलोमीटर चालली. मालकानं सर्व्हिसिंग कधी चुकवलं नव्हतं. पण दुसरी बाजू बघा. तिकडे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. त्यानं टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा वगैरे गाड्यांच्या चासी गंजून सडल्या. २०१६ साली सुमारे १५ लाख गाड्यांबाबत कंपनीला कोर्टात तडजोड करावी लागली. इंजिन ठणठणीत, पण कणाच मोडला! पुढे २०२४ साली इंजिनात धातूचा कीस राहिल्यामुळे नव्या बनावटीच्या सुमारे एक लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

३) अमेरिकन गाडी : ही ओढायला दांडगी. फोर्डचं ४.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन १९६५ ते १९९६ चाललं. त्यात टायमिंगला चेन किंवा पट्टा नव्हता, दातेरी चक्रं होती. तुटायचं कारणच नाही. डॉज गाडीत १९८९ पासून कमिन्सचं डिझेल इंजिन आलं, तेही असंच दणकट. (याच कमिन्सचा कारखाना किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात १९६२ साली सुरू झाला.) उलट फोर्डच्याच २००३ ते २००७ मधल्या ६ लिटर डिझेल इंजिनाने हेड गॅस्केट आणि कूलरच्या तक्रारींनी मालकांना जेरीस आणलं. २०२५ साली जनरल मोटर्सला ६.२ लिटरच्या सुमारे सहा लाख गाड्या क्रँकशाफ्ट व कनेक्टिंग रॉडच्या दोषामुळे परत बोलवाव्या लागल्या.

४) निष्कर्ष : देशाच्या नावावर टिकाऊपणा ठरत नाही. एकाच कंपनीचं एक इंजिन तीस वर्षे चालतं, दुसरं पाच वर्षांत बदनाम होतं. आपण उसाचं बेणं नुसत्या जातीच्या नावावर घेत नाही, डोळा आणि कीड बघून घेतो. तसंच हे.

सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(अ) इंजिन अगदी नवं असेल तर दोन-तीन वर्षे थांबावं. दुसऱ्याच्या गाडीवर परीक्षा होऊ द्यावी.

(आ) जुनी गाडी घेताना रंग बघून भुलू नये. खाली वाकून चासीवर हातोडीनं ठोकून पाहावं. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर गाडी सोडून द्यावी.

(इ) आपल्याकडे रस्त्यावर मीठ नाही, पण रासायनिक खत आहे. युरियाची पोती वाहिल्यावर गाडीचा हौदा आणि चासी त्याच दिवशी पाण्यानं धुवावी.

(ई) ऑइल आणि फिल्टर ठरल्या किलोमीटरला बदलावे व वहीत तारीख लिहावी.

(उ) ठरल्यापेक्षा जादा बोजा भरू नये. पाटे, बेअरिंग व मागचा अॅक्सल त्यानंच जातो.

(ऊ) सुटे भाग आणि जाणता मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतो का, हे आधी विचारावं.

गाडी अमेरिकन असो की जपानी, शेवटी ती मालकाच्या हातानं टिकते.

— ऊस विकास अधिकारी