मटक्याचे गणित

जालन्याला 'सोने का पालना' म्हणतात, ते तिथल्या व्यापारामुळे. या जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसालाही 'पांढरे सोने' असे नाव आहे. याच कापसाच्या भावातून महाराष्ट्रातला एक मोठा जुगार जन्माला आला, हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव तारेने मुंबईला कळत असे. त्या भावातील आकडे आधीच ओळखण्यावर लोक पैसे लावीत. यालाच 'आकडा' म्हणू लागले. १९६१ च्या सुमारास हे भाव येणे बंद झाले. तेव्हा १९६२ साली मुंबईत वरळीला कल्याणजी भगत याने आणि १९६४ साली रतन खत्री याने आकडे काढण्याची नवी व्यवस्था सुरू केली. मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायचा, म्हणून नाव पडले 'मटका'. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. कापूस गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे बाजारातले शब्द मात्र मागे राहिले.

जुगार वाईट, हे तुम्ही घरी आणि शाळेत ऐकले असेलच. तो उपदेश येथे पुन्हा करायचा नाही. आपण फक्त हिशेब करू. प्रश्न असा: एखाद्याने ठरवले, की शेती-मजुरी सोडून आता आकड्यावरच घर चालवायचे, तर त्या घराचे काय होईल?

सगळेच आकडे लावून पहा

मटक्यात ० ते ९ यांमधील तीन अंक काढतात. त्यांची बेरीज करून शेवटचा अंक घेतात. उदाहरणार्थ, ४, ७ आणि ८ आले तर बेरीज १९. म्हणून आकडा ९. हा झाला ओपन. असाच दुसऱ्यांदा क्लोज काढतात. एकेरी आकडा लागला तर साधारणपणे रुपयाला नऊ रुपये मिळतात. नशीब मोठे वाटावे असाच हा भाव आहे!

आता नशीब बाजूला काढू. समजा, तुमच्याजवळ १,००० रुपये आहेत. दहाही आकड्यांवर प्रत्येकी १०० रुपये लावा. कोणता तरी एक आकडा येणारच, म्हणजे तुम्ही नक्की जिंकणार! हाती किती आले? १०० च्या नऊपट, म्हणजे ९००. जिंकूनही १०० रुपये गेले. पुढच्या डावात प्रत्येक आकड्यावर ९० रुपये लावा, उरतील ८१०. मग ७२९, ६५६, ५९०, ५३१ आणि सातव्या डावानंतर ४७८. रोज ओपन आणि क्लोज असे दोन डाव धरले, तर सातवा डाव म्हणजे चौथ्या दिवसाचा ओपन. चार दिवसही पुरे झाले नाहीत, तोच निम्म्याहून अधिक रक्कम गेली. येथे ना कोणी फसवले, ना नशीब रुसले.

तुम्ही म्हणाल, 'सगळे आकडे कोण लावतो?' एकटा माणूस लावीत नाही, पण गाव लावते. टपरीवर दहा जणांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर शंभर-शंभर रुपये लावले, तर एक जण ९०० रुपये घेऊन घरी जातो आणि नऊ जण रिकाम्या हाताने. गावाच्या हजारातले शंभर गेले ते गेलेच. पण ज्याचा आकडा लागला त्याचेच नाव चार दिवस गाजते. बाकीचे नऊ जण घरी काही बोलत नाहीत. म्हणून ऐकणाऱ्याला वाटते, की मटक्यात पैसे मिळतात.

ओपन आणि क्लोज मिळून होणाऱ्या 'जोडी'चा भाव साधारणपणे रुपयाला नव्वद असतो. पण ०० पासून ९९ पर्यंत जोड्या होतात १००. म्हणजे रुपयातले नव्वद पैसेच परत. हिशेब तोच.

'आता तो आकडा येणारच'

आकडे लावणारे अनेक जण वही ठेवतात. पाचचा आकडा दहा डावांत आला नाही, तर आता तो येणारच असे त्यांना वाटते. पण मडक्यातल्या चिठ्ठीला मागचे डाव आठवत नाहीत! पाच येण्याची शक्यता दर डावात दहात एक, तेवढीच राहते. एखादा ठरावीक आकडा सलग दहा डावांत न येण्याची शक्यता ०·९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०·३५ आहे. शंभरात पस्तीस वेळा जे घडते, त्यात नवल ते काय?

काही जण दर डावाला रक्कम दुप्पट करीत जातात. दहा रुपयांपासून सुरुवात केली, तर दहा डावांत लागणारी रक्कम होते १०,२३० रुपये. आणि आकडा न येण्याची शक्यता तीच, शंभरात पस्तीस.

घर चालवायचे म्हटले तर?

क्षणभर असे धरू, की खेळ अगदी न्यायाचा आहे: नाणेफेक, आणि बरोबरीची रक्कम. तरी घर चालेल काय? हा प्रश्न गणितज्ञांनी फार पूर्वी सोडवला आहे. फ्रान्समधील पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ साली पत्रांतून जुगाराच्या गणिताची चर्चा केली, आणि १६५७ साली हॉलंडच्या हायगेन्सचे या विषयावरचे पुस्तक निघाले. 'जुगाऱ्याचे दिवाळे' या नावाने ओळखला जाणारा प्रश्न त्याच काळातला. त्याचे उत्तर सोपे आहे. न्यायाच्या खेळात, कोणाचे तरी दिवाळे निघेपर्यंत खेळत राहिल्यास, तुम्ही जिंकण्याची शक्यता ही दोघांच्या एकूण रकमेतील तुमच्या वाट्याएवढी असते. तुमच्याजवळ १,००० आणि समोरच्याजवळ ९९,००० असतील, तर तुमची शक्यता १०० त १. उरलेल्या ९९ वेळा तुमचेच दिवाळे! कारण समोरचा शंभर वेळा हरूनही खेळत राहू शकतो. तुम्हांला तेवढी सवड नसते.

मटका तर न्यायाचाही नाही. त्यातून घर चालवणाऱ्याला याच रकमेतून रोज पीठ, तेल, मुलांच्या वह्या आणाव्या लागतात. म्हणजे न हरताही रक्कम घटते. ती संपली की कर्ज. शेकडा महिना पाच रुपये व्याजाने हजार रुपये काढले, तर महिन्याला ५० रुपये आधी व्याजाचे द्यायचे. आणि खेळ मात्र दर डावाला सरासरी शेकडा दहा कापून घेतो. दोन्ही बाजूंनी वजाबाकीच! मग दागिने आणि जमीन गहाण पडायला वेळ लागत नाही.

सोळाव्या शतकात इटलीतील कार्दानो याने शक्यतेच्या गणितावर पहिल्या पुस्तकांपैकी एक लिहिले. तो स्वतः जुगार खेळे. इतके गणित जाणणाऱ्यावरही पत्नीचे दागिने गहाण टाकण्याची वेळ आली होती. गणित कळल्याने खेळाचा भाव बदलत नाही.

शेती हाही जुगारच?

'पाऊस पडला तर पीक, नाही तर काही नाही. मग शेती हाही जुगारच की!' असे अंबड-परतूरकडे तुम्ही ऐकले असेल. धोका दोन्हीकडे आहे, हे खरे. पण शेतात एका सरकीपासून झाड होते आणि त्याला अनेक बोंडे लागतात. सगळ्या शेतकऱ्यांची बेरीज केली, तर कापूस नव्याने निर्माण झालेला असतो. मटक्यात काहीच पिकत नाही. दहा जणांचे पैसे हात बदलतात, आणि वाटेत शेकडा दहा कमी होतात. शिवाय शेतातला धोका कमी करता येतो: आंतरपीक घ्यावे, शेततळे करावे, पीकविमा उतरवावा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात कर्जबाजारी जुगाऱ्याचे दुःख सांगून, फासे सोड आणि शेत कर, असाच सल्ला दिलेला आहे.

आपल्याकडे १८८७ च्या कायद्याने जुगारबंदी आहे. आता मडके जाऊन मोबाइल आला, म्हणून पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. पडद्यावरचा खेळ कितीही रंगीत असो, त्याला एकच प्रश्न विचारा: सगळे आकडे लावले, तर परत किती येतात?

करून पहा

१. वर्गातील तीस मुलांना प्रत्येकी २० चिंचोके द्या. शिक्षक पेढी सांभाळतील. दर डावात प्रत्येकाने एक चिंचोका लावावा. मात्र प्रत्येक आकड्यावर तिघेच असावेत. दहा चिठ्ठ्यांतून एक काढा आणि नऊपट द्या. वीस डावांनंतर काहींजवळ पुष्कळ चिंचोके असतील. पण साऱ्या वर्गाचे मोजा: ६०० चे बरोबर ५४० झालेले दिसतील.

२. भाव नऊऐवजी साडेनऊ असेल, तर दहाही आकडे सारखे लावत गेल्यास १,००० रुपयांचे ५०० पेक्षा कमी किती डावांत होतील? (उत्तर: १४)

३. दर वेळी चिठ्ठी परत टाकून तीन अंक काढले, तर बेरजेचा शेवटचा अंक ० ते ९ यांपैकी कोणताही येण्याची शक्यता सारखीच का? (सूचना: पहिले दोन अंक कोणतेही असोत, तिसरी चिठ्ठी काय करते ते पहा.)