‘अबंडंट्‌ली’ : एका शब्दाचा अभ्यास



योहानकृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायांतील १० व्या वचनांत मेंढरांस मिळणाऱ्या जीवनाचें वर्णन आहे. तेथें इंग्रजी शास्त्रांत ‘अबंडंट्‌ली’ हें क्रियाविशेषण आलें आहे. मंडळींतील पुष्कळ तरुण आतां दोन्ही भाषांत शास्त्र वाचतात, आणि या शब्दाचा अर्थ ‘पुष्कळ’ असा करून पुढें जातात. परंतु कशाचें पुष्कळ, हें न समजल्यास या वचनानें गरिबाचें समाधान न होतां त्याच्या मनाला टोंचणीच लागते. म्हणून आज या शब्दाचा विचार करूं.

१. व्युत्पत्ति. हा शब्द मूळचा लॅटिन. त्या भाषेंत ‘उंडा’ म्हणजे लाट. पाणी काठोकाठ भरून बाहेर वाहूं लागावें, अशी कल्पना या शब्दाच्या पोटांत आहे. आपला ‘भरपूर’ हा शब्द त्याचा जवळचा सोबती होय. कारण ‘पूर’ म्हणजे भरणें, आणि नदीला येतो तोही पूरच. सीना नदी दुथडी वाहतांना ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस अधिक सांगणें नको.

२. उपयोग. इंग्रजींत या शब्दाचे उपयोग मुख्यतः दोन. पहिला परिमाणाचा : पीक ‘अबंडंट्‌ली’ आलें, म्हणजे मुबलक आलें. दुसरा निश्चयाचा : गोष्ट ‘अबंडंट्‌ली’ स्पष्ट आहे, म्हणजे अगदीं उघड आहे, आतां शंकेस जागा नाहीं. या दुसऱ्या ठिकाणीं ‘विपुल स्पष्ट’ असें भाषांतर करूं नये. मराठी कानास तें खपत नाहीं. आपल्या भाषेंत प्रत्येक वस्तूस शोभणारा शब्द निराळा : पाणी मुबलक, फळांची रेलचेल, आयुष्य उदंड, ग्रंथरचना विपुल.

३. मूळ ग्रीक शब्द. वरील वचनांत ग्रीक शब्द ‘पेरिस्सॉन’ हा आहे. गरज भागून जें वर उरतें तें, असा त्याचा भाव. याच कुळांतील क्रियापद योहानाच्या ६ व्या अध्यायांत येतें. तेथें पांच भाकरी व दोन मासळ्या यांवर मोठा समुदाय तृप्त झाला, आणि उरलेल्या तुकड्यांनीं बारा टोपल्या भरल्या. तेव्हां विपुलतेची खूण सांठविणें ही नसून उरणें ही आहे. आणि जें उरतें तें दुसऱ्याच्या उपयोगी पडतें.

४. आपल्यापुढील प्रश्न. सावेडी आज अहिल्यानगर शहरांत मोडतें, आणि शहरास मुळा धरणाचें पाणी मिळतें. तरी हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. १९७२ सालच्या दुष्काळांत खडी फोडून पोट भरलेलीं माणसें अजून आपल्यांत आहेत. विहीर आटली, जोंधळा करपला, म्हणजे कोणी विचारील, ‘विपुल जीवन तें कोठें आहे?’ यास उत्तर करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायांत आहे. मासेदोनियांतील मंडळ्या अत्यंत दरिद्री होत्या. तरी यरुशलेमेंतील गरिबांकरितां त्यांनीं वर्गणी दिली; आणि पौलानें तेंच ‘उतूं जाण्याचें’ क्रियापद त्यांच्या आनंदास व दारिद्र्यास लावलें आहे. उलट लूकाच्या २१ व्या अध्यायांत श्रीमंतांनीं उरलेल्यांतून टाकलें, तेथेंही शब्द तोच. पण थोर ठरलें तें विधवेचें दान. यावरून कणगी भरली म्हणजे जीवन विपुल झालें, आणि ती रिती राहिली म्हणजे वचन खोटें पडलें, हे दोन्ही समज चुकीचे ठरतात.

मात्र एक सावधगिरी ठेवावी. भुकेल्यास हा शब्द ऐकवून रित्या हातानें परत लावूं नये. त्या डोंगरावर आधीं लोक जेवले, मग टोपल्या भरल्या.

मननासाठीं प्रश्न :

(१) ‘पुरेसें’ आणि ‘विपुल’ यांत भेद काय?

(२) मासेदोनियांतील मंडळ्यांपाशीं काय उणें होतें, व काय उतूं जात होतें?

(३) आपल्या घरांत या आठवड्यांत काय उरलें, आणि तें कोणाच्या घरीं पोहोंचलें?