प्रकाशाचा वेग आणि काळाची गति

बोरिवलीहून चर्चगेटला जाणारी जलद लोकल मालगाडीस मागें टाकते, विमान लोकलला मागें टाकतें आणि अग्निबाण विमानास मागें टाकतो. मग एके दिवशीं मनुष्य प्रकाशासही मागें टाकील काय, असा प्रश्न पुष्कळ मुलांच्या मनांत येतो. प्रश्न उत्तम आहे. मात्र त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे काळाविषयींच्या आपल्या नेहमींच्या समजुती बदलाव्या लागतात. म्हणून आम्ही येथें त्याचा थोडक्यांत विचार करणार आहों.

निर्वात पोकळींत प्रकाश दर सेकंदास २,९९,७९२ किलोमीटर जातो. चंद्रावरून निघालेला किरण सुमारें सव्वा सेकंदांत आपणांपर्यंत येतो. सूर्याच्या किरणास सुमारें ८ मिनिटें २० सेकंद लागतात. या वेगाचें वैशिष्ट्य असें कीं, मोजणारा उभा असो वा धांवत असो, मोजमाप तेंच येतें. धांवत्या गाडींतून पाहिलें असतां त्याच दिशेनें जाणारी शेजारची गाडी हळू चालल्यासारखी भासते. प्रकाशाच्या बाबतींत तसें कधींच होत नाहीं. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं हें तत्त्व धरून गणित मांडलें, तेव्हां दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली ही कीं, धांवतें घड्याळ स्थिर घड्याळाच्या मानानें मंद चालतें. दुसरी ही कीं, वस्तूचा वेग प्रकाशवेगाच्या जवळ जाऊं लागला म्हणजे तो आणखी वाढविण्यास लागणारी ऊर्जा बेसुमार वाढत जाते. प्रत्यक्ष प्रकाशवेग गांठण्यास ती अनंत लागेल. म्हणजे अडचण आपल्या यंत्रांच्या उणिवेची नसून सृष्टिनियमाचीच आहे.

वेगानें काळ मंदावतो, तर तें आपणांस कां जाणवत नाहीं? समजा, लोकलचा एक गार्ड ताशीं ९० किलोमीटर वेगानें रोज २ तास, वर्षाचे ३०० दिवस, अशीं ३० वर्षें प्रवास करतो. हिशेब केला असतां, सबंध नोकरींत त्याचें घड्याळ स्टेशनमास्तरच्या घड्याळाच्या मागें पडेल तें एका सेकंदाच्या एक कोटी भागांपैकीं सुमारें दोन भाग! इतका फरक कोणाच्या ध्यानांत येणार?

परंतु निसर्गांत याहून फार वेगवान प्रवासी आहेत, आणि ते या क्षणींही आपल्या अंगावर येत आहेत. अंतराळांतून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळले म्हणजे सुमारें १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन नांवाचे सूक्ष्म कण उत्पन्न होतात. त्यांचें सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकीं २.२ भाग एवढेंच असतें. इतक्या अवधींत प्रकाशाच्या वेगानेंसुद्धां ६६० मीटरच जातां येईल; मग १५ किलोमीटर खालीं ते पोंचावे कसे? तरीही ते पोंचतात. आपण तळहात आडवा धरला तर त्यांतून दर सेकंदास सुमारें एक म्यूऑन जातो. कारण त्यांचा वेग प्रकाशवेगाच्या अगदीं निकट असल्यामुळें, आपल्या घड्याळानें पाहतां, त्यांचें आयुष्य अनेक पटींनीं लांबतें.

अशा कणांच्या आयुष्यावरून आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची प्रत्यक्ष परीक्षा घेतां येईल, हें १९३८ सालीं लिहून दाखविणारे शास्त्रज्ञ म्हणजे मुंबईचेच सुपुत्र डॉ. होमी जहांगीर भाभा होत. त्या वेळीं ते केंब्रिज येथें होते. पुढें १९४० सालीं ब्रूनो रॉसी व डेव्हिड हॉल यांनीं अमेरिकेंतील कोलोराडो संस्थानांत निरनिराळ्या उंचींवर हे कण मोजले, तेव्हां अधिक वेगवान कण अधिक काळ टिकतात असें दिसून आलें.

डॉ. भाभांनींच पुढें आपल्या उपनगरांच्या शेजारीं ट्रॉम्बे येथें अणुशक्तिकेंद्र उभारलें. तेथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजीं सुरू झाली व २००९ सालापर्यंत चालली. तिचा गाभा पाण्याच्या हौदांत बुडविलेला असे आणि ती चालू असतां पाण्यांत निळी प्रभा दिसे. ही प्रभा प्रकाशास मागें टाकणाऱ्या कणांचीच खूण होय! पाण्यांत प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें २,२५,००० किलोमीटरवर उतरतो, आणि इलेक्ट्रॉन त्याहून जलद धांवूं शकतात. मात्र निर्वात पोकळींतील प्रकाशवेगाची मर्यादा तेही ओलांडीत नाहींत.

जन्मापासूनच प्रकाशाहून जलद असलेले कण संभवतील काय, याचें गणित १९६२ सालीं बिलानियुक, देशपांडे व सुदर्शन या तिघांनीं मांडलें. या कल्पित कणांस पुढें टॅकिऑन हें नांव मिळालें. परंतु असा एकही कण अद्याप आढळलेला नाहीं. २०११ सालीं युरोपांतील एका प्रयोगांत न्यूट्रिनो कण प्रकाशाच्या आधीं पोंचल्याची वार्ता जगभर गाजली. प्रयोग करणाऱ्यांनींच आपल्या उपकरणांचा कसून तपास केला, आणि २०१२ सालीं मुख्य दोष एका नीट न बसलेल्या तारेंत सांपडला. वार्ता कितीही मोहक असो, ती तपासून घेणें हाच शास्त्राचा मार्ग होय.

आतां वेगानें मनुष्याचा लाभ काय होईल तें पाहूं. सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा सुमारें सव्वाचार प्रकाशवर्षें दूर आहे; सोयीसाठीं ४ धरूं. १५ वर्षांचा एक विद्यार्थी प्रकाशवेगाच्या चार-पंचमांश वेगानें तेथें जाऊन लगेच परतला, तर पृथ्वीवर १० वर्षें उलटतील, त्याचीं मात्र ६च. तो २१ वर्षांचा होऊन येईल, वर्गमित्र २५ वर्षांचे झालेले असतील, आणि आईवडिलांच्या आयुष्यांतील दहा वर्षें त्याच्यावांचून गेलेलीं असतील. तथापि त्याला स्वतःला ६ वर्षांहून एक तासही अधिक मिळालेला नसेल. जेवण, निद्रा, अभ्यास हें सर्व त्यास तेवढ्याच काळांत उरकावें लागलें असेल. वेगानें दुसऱ्यांच्या व आपल्या काळांत अंतर पडतें, आपला काळ वाढत नाहीं. ज्याच्या त्याच्या घड्याळांत तास साठच मिनिटांचा असतो. त्याचा सदुपयोग करणें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.